पार्सलीवर भुरी नव्हे, केवडा

प्रश्न : पॉलिहाऊसमधल्या पार्सलीच्या पानांवर पिवळे डाग पडलेत. भुरी समजून गंधक फवारलं, फरक नाही. काय करावं?

उत्तर : सकाळी पान उलटून पाहा. वर शिरांमध्ये अडकलेले कोनाकृती पिवळे डाग आणि बरोबर त्यांच्याखाली पांढुरकी लव असेल, तर हा केवडा, म्हणजेच डाऊनी. भुरीची पूड बहुधा पानाच्या वरच्या बाजूलाही दिसते. द्राक्षावरच्या डाऊनीचा हा भाऊबंद (दोन्ही प्लाझ्मोपारा), पण द्राक्षावरून पार्सलीवर येत नाही. गंधक भुरीवर चालतं, याच्यावर नाही.

गार, दमट हवा आणि रात्रभर ओलं राहिलेलं पान मिळालं की तो झपाट्याने पसरतो. म्हणून तुषार बंद करून ठिबक वापरा, पाणी सकाळीच द्या, पडदे उघडून हवा खेळती ठेवा. दाटी झाली असेल तर विरळणी करा. बहुतेक जण इथेच हात आखडतात. रोगट पानं पॉलिहाऊसबाहेर नेऊन नष्ट करा. रोगाचे अवशेष मातीत टिकू शकतात, तेव्हा पुढचं पीक दुसरं घ्या.

पार्सली कच्ची खाल्ली जाते. द्राक्षाची औषधं तिच्यावर मारू नका. या पिकासाठी शिफारस असलेलं औषध कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच घ्या.