सेक्शनलच्या रात्री पॉपकॉर्नच्या काउंटरवर

पुण्यात असताना खेळाशी माझं नातं एवढंच: शाळेच्या खो-खोच्या सामन्यांत मी कडेला बसून मैत्रिणींच्या चपला राखायचे. नवऱ्याची बदली कोथरूडहून इंडियानातल्या कोलंबसला झाली, डिझेल इंजिनांच्या पाठोपाठ. मुलगा तिथल्या हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात शिरला आणि चार वर्षं माझा मार्च महिना त्या राज्य स्पर्धेने खाल्ला. त्यातून शिकले ते असं.

१. 'तुमची टीम पात्र ठरली का?' असं विचारायचं नाही. मी पहिल्याच वर्षी शेजारणीला विचारलं. आळीतल्या गणपतीच्या आरतीला आमंत्रण आलंय का, असं विचारल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. इथे सगळ्याच शाळा स्पर्धेत असतात, वर्षभर हरलेलीसुद्धा. आमच्या वेळी चिठ्ठ्या काढून जोड्या ठरायच्या. मग सेक्शनल, रिजनल, सेमीस्टेट आणि शेवटी स्टेट. एकदा हरलात की घरी. ही स्पर्धा १९११ पासून चालू आहे.

२. १९५४ चा अंतिम सामना तोंडपाठ हवा. मला तो समोरच्या घरातल्या आजोबांनी शिकवला, बर्फ उपसता उपसता. मायलन नावाचं चिमुकलं गाव, शाळेत मुलं १६१. समोर मन्सी सेंट्रल ही मोठी, दबदब्याची शाळा. इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाउसमध्ये चौथ्या सत्रात मायलनचा बॉबी प्लंप चार मिनिटांहून जास्त वेळ नुसता चेंडू धरून उभा राहिला. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळात चेंडू टाकायला लावणारं घड्याळ, नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या कबड्डीत तीस सेकंदांत चढाई संपते." आजोबांनी फावडं टेकवलं. "ऐकून तर घे." शेवटच्या क्षणी प्लंपने बास्केट केली. ३२-३०. 'हूजियर्स' हा १९८६ चा सिनेमा त्यावरूनच सुचलेला.

३. पण तेवढ्यावर उठायचं नाही, पुढचं वर्षही विचारायचं. इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेला मायलनने १९५४ च्या सेमीस्टेटमध्ये हरवलं होतं. १९५५ मध्ये ॲटक्सने स्पर्धा जिंकली, संघात ऑस्कर रॉबर्टसन होता. विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मधोमध असलेल्या मॉन्युमेंट सर्कलवर रंगायची. या पोरांना मात्र तिथे थांबू न देता लांबच्या बागेत नेलं. मायलनची गोष्ट आजोबा मी न विचारता सांगायचे, ही मात्र मला विचारून काढावी लागली. पुढच्या वर्षी ॲटक्स एकही सामना न हरता पुन्हा जिंकली.

४. १९९७-९८ पासून शाळांचे पटसंख्येनुसार चार गट झाले, म्हणजे विजेतेही चार आणि मायलनसारख्या छोट्या शाळेची मोठीशी गाठ नाही. हा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नये.

५. खाण्याच्या काउंटरची पाळी शक्यतो घेऊ नका. शाळेच्या जिममध्ये सामना असला की पालकांनीच पॉपकॉर्न विकायचे. शिवाय 'वॉकिंग टाको': चिप्सचा पुडा उभा फाडायचा, त्यात खिमा आणि चीज ओतायचं, वर काटा खोचायचा. आपली भेळच, फक्त चिंच नाही. हाफटाइम दहा मिनिटांचा आणि रांग दारापर्यंत. बटरचा वास दोन दिवस केसांतून जात नाही.

भिंतीपलीकडचा सामना हळूहळू कानाने कळायला लागतो. आपल्या पोराचा फ्री थ्रो असला की अख्खी जिम चिडीचूप. समोरच्याचा असला की बाकांवर पाय आपटायला सुरुवात. शेवटच्या वर्षी सेक्शनलच्या तिसऱ्या सत्रात मी चीजच्या पंपाशी झटत होते, तो अडकला होता. एवढ्यात छप्पर उडेल असा आवाज झाला. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, "कुणीतरी छान टाकला वाटतं." तो माझा मुलगा होता. बदली म्हणून दोन मिनिटं आत गेलेला. त्या स्पर्धेतली त्याची एकुलती एक बास्केट. व्हिडिओ नंतर पाहिला. त्यात चेंडू दिसतो, पुढच्या माणसाची टोपी त्याहून जास्त दिसते.

६. हरल्यावर लगेच गाडी सुरू करू नका. आम्ही तो सामना तीन गुणांनी गमावला. बारावीची पोरं, सहा-सहा फुटांची, जिमच्या दारात एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती आणि कुणीही त्यांना 'पुढच्या वर्षी' म्हणत नव्हतं. त्यांच्यापुरतं पुढचं वर्ष नव्हतंच. मी म्हणणार होते, जीभ चावली. पाऊण तास पार्किंगमध्ये बसून राहिलो.

७. जर्सी शाळेची असते. गार पाण्यात धुऊन, घडी करून परत करायची. इस्त्री फिरवायची नाही, आकडे वितळतात. त्या रात्री मी कपड्यांची टोपली घेऊन त्याच्या खोलीत गेले. तो जर्सी घालूनच पलंगावर आडवा झाला होता, बूटसुद्धा पायातच.

"आई, उद्या धू ना."

मी टोपली घेऊन खाली आले.