मातीची थाळी काळी का पडते?

प्रश्न: माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून येताना ओव्हनमध्ये वापरायची एक जाड मातीची थाळी आणली. तिकडे तिला ‘स्टोनवेअर’ म्हणतात. आली तेव्हा ती मारी बिस्किटाच्या रंगाची होती. नानकटाई, पाव, भाजलेले बटाटे करता करता आता ती काळपट आणि डागाळलेली दिसते. सोबतच्या कागदावर ‘साबण लावू नये’ असं असल्यामुळे मी नुसत्या पाण्याने धुते. पण पाहुणे आले की ती ओट्यावर ठेवायला संकोच वाटतो. ही खरंच स्वच्छ असते का? काळेपणा कसा काढावा? आणि लोणच्याच्या बरणीला साबण चालतो, मग हिला का नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

तुमची बरणी आणि ही थाळी एकाच कुळातल्या. पणती, कुंडी, माठ यांची माती साधारण हजार अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाला भाजतात. कण एकमेकांना चिकटतात, पण मधल्या फटी उघड्याच राहतात. म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. स्टोनवेअरची माती त्याहून बरीच वर, सुमारे १२०० ते १३०० अंशांपर्यंत नेतात. तिथे मातीतली काही खनिजं वितळून फटींमध्ये शिरतात आणि भांडं दगडासारखं घट्ट होतं. टिचकी मारली तर माठ ‘बद्द’ वाजतो, बरणी ‘टण्ण’ वाजते, ते यामुळेच.

फरक आहे तो वरच्या अंगरख्याचा. बरणीवर झिलई असते, म्हणजे काचेचा पातळ थर. तेल, मसाला, साबण काहीही आत शिरत नाही. तुमच्या थाळीचा वरचा भाग मुद्दाम बिनझिलईचा ठेवलेला असतो आणि तिच्या मातीतही थोडी सच्छिद्रता राखलेली असते. कणकेच्या तळाचा ओलावा ती शोषून घेते, म्हणून पावाचं बूड खरपूस होतं. पण जी माती ओलावा शोषते ती साबणाचं पाणी आणि त्याचा वासही थोडा धरून ठेवणारच. पुढच्या घाण्याच्या नानकटाईला लिंबाच्या साबणाचा वास यायला नको, एवढंच त्या कागदाचं म्हणणं आहे. चुकून एखादे वेळी साबण लागला तर थाळी वाया जात नाही. गरम पाण्याने चार-पाच वेळा खळबळून धुवा आणि पूर्ण वाळवा.

आपलं भांडं कोणत्या प्रकारचं, हे ओळखायला पाण्याचे दोन थेंब पुरतात. झिलईवर थेंब तसाच बसून राहतो. बिनझिलईच्या कोऱ्या मातीवर तो हळूहळू जिरतो आणि गडद डाग उमटतो. तुमची थाळी तेलाने माखलेली असल्यामुळे ही परीक्षा तिच्या खालच्या, कोऱ्या बाजूवर करा. झिलईच्या भांड्यालासुद्धा बुडाशी एक खरखरीत कडा असते, बरणी उपडी करून पाहा. भट्टीत झिलई वितळते तेव्हा भांडं खालच्या फळीला चिकटून बसू नये, म्हणून ती कडा पुसून घेतलेली असते.

आता काळेपणा. तो काढू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. तेलाचा पातळ थर ओव्हनमध्ये तापला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचं तेलपण जाऊन कोरडा, कठीण लेप उरतो. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात, तो वाळून घट्ट होतो, ते याच जातीच्या क्रियेने. आपला बिडाचा तवा वापरून वापरून काळा, तुकतुकीत होतो आणि धिरडं सुटून यायला लागतं, तेच इथे घडतंय. दोन वर्षांत तुमच्या थाळीवर हा लेप बसला आहे, म्हणजे तुम्ही ती नीट वापरली आहे. पाहुण्यांसमोर ती खुशाल मांडा.

स्वच्छतेची खरी परीक्षा रंगाची नाही, हाताची आणि नाकाची आहे. बोट फिरवल्यावर कोरडं, गुळगुळीत लागलं आणि वास नसला तर थाळी स्वच्छ. बोट चिकटलं किंवा खवट वास आला तर तिथे तेल जास्त पडून अर्धवट राहिलं आहे. अशा जागी खाण्याचा सोडा तीन भाग आणि पाणी एक भाग असा लगदा करून लावा, वीस मिनिटांनी लाकडी उलथन्याने किंवा नारळाच्या काथ्याने घासा आणि गरम पाण्याने धुवा. सोड्याचे कण मातीपेक्षा मऊ असतात, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत, आणि तो सौम्य अल्कली असल्याने जुनं तेल सुटायला मदत होते. त्यात व्हिनेगर घालायचा सल्ला हल्ली बऱ्याच ठिकाणी मिळतो. बुडबुडे खूप येतात, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि घासायला उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. सोडा एकटाच वापरा. रोजच्या धुण्याला तर खरवडणं आणि गरम पाणी पुरे. पुढच्या वेळी भाजताना थाळी १८० अंशांवर तापणार आहे, त्यात जंतूंचा निभाव लागत नाही.

खरी काळजी घ्यायची ती तड्याची. माती दाब भरपूर सोसते, पण ताण सोसण्याची तिची ताकद दाबाच्या मानाने कितीतरी कमी असते. तापलेल्या थाळीला गार पाणी लागलं की वरचा थर झटकन आकसतो, आतला भाग अजून फुगलेलाच असतो, आणि वरच्या थरावर ताण येऊन तो फाटतो. माझी पहिली थाळी अशीच गेली. ओव्हनमधून काढली आणि नुकत्याच पुसलेल्या, ओलसर कडप्प्याच्या ओट्यावर ठेवली. आवाज झाला आणि मधोमध दोन तुकडे. त्या दिवसापासून माझ्या ओट्यावर लाकडी पाट कायम असतो. फ्रिजरमधली गोठलेली कणीक तापलेल्या थाळीवर ठेवणं, भाजी भाजत असताना मध्येच गार पाणी ओतणं, थाळी थेट गॅसच्या ज्योतीवर चढवणं, हे सगळं त्याच जातीचं. ज्योत एकाच जागी तापवते, बाकीची थाळी गारच राहते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. काही स्टोनवेअरच्या मातीत भट्टीतच क्रिस्टोबलाइट नावाचा सिलिकाचा स्फटिक तयार होतो. सुमारे २२६ अंशांला त्याची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. गार होताना त्याच टप्प्यावर तो पुन्हा एकदम आकसतो. ओव्हनसाठी भांडी घडवणारे जाणकार कुंभार मातीचं मिश्रण असं ठेवतात की हा स्फटिक कमीत कमी बनावा. तरी २०० ते २५० अंशांमधला प्रवास सावकाश व्हावा हे बरं. भाजून झाल्यावर लगेच थाळी बाहेर ओढण्यापेक्षा पदार्थ काढून घ्या आणि ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवून तिला आतच निवू द्या.

घरात झिलईचं बेकिंगचं भांडं असेल तर त्याला साबण बिनधास्त चालतो. त्यावर राखाडी रेघा दिसतात त्या बहुतेक वेळा ओरखडे नसतात. चमचा-सुरीचा धातू काचेवर घासला जाऊन मागे राहिलेला असतो, सोड्याच्या लगद्याने बराचसा निघतो. तारेची घासणी मात्र त्यावरही नको.

पावसाळ्याचं तेवढं सांभाळा. जिरलेलं पाणी आत राहिलं आणि थाळी तशीच ओव्हनमध्ये गेली तर त्याची वाफ होऊन ती आतून रेटते, आणि नुसती कपाटात ठेवली तर बुरशीचा वास धरते. लोणचं भरण्याआधी आपण बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवतो, फोडणीही गार करूनच ओततो. तीच शिस्त थाळीला लावा. धुतल्यावर भिंतीला टेकवून उभी ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न गुंडाळता जुन्या सुती साडीच्या तुकड्यात ठेवा.