स्वतः तोडा, तोलून न्या : फळबागेतील सहल आणि तिचा हिशेब

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

आमचे गाव पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून थोडे आत आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत माझी आई स्ट्रॉबेरीच्या तोडणीला जाते. गेल्या नाताळच्या सुट्टीत मीही चार दिवस तिच्याबरोबर गेले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. दहाच्या सुमारास शेताजवळ दोन मोटारी थांबल्या आणि शहराकडची कुटुंबे खाली उतरली. मालकांनी प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक परडी दिली, पुढचे चार वाफे दाखवले आणि "हवी तेवढी तोडा, शेवटी वजन करू" असे सांगितले. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की, एकाच शेतात, एकाच उन्हात, एकाच फळासाठी पंधराएक माणसे वाकलेली आहेत. त्यांतल्या निम्म्यांना या कामाचे पैसे मिळणार होते आणि निम्मी माणसे त्याच कामाचे पैसे देणार होती.

कॉलेजात परत आल्यावर ही गोष्ट मी आमच्या सरांना सांगितली. 'श्रम' या उत्पादन-घटकाची व्याख्या आम्ही नुकतीच शिकलो होतो. मोबदल्याच्या अपेक्षेने केलेले शारीरिक अथवा बौद्धिक कष्ट म्हणजे श्रम. निव्वळ आनंदासाठी केलेली खटपट श्रमात मोडत नाही. व्याख्या पाठ होती, पण त्या शेतात ती मला कुठे लावावी ते कळेना. सर हसले आणि म्हणाले, "हे तूच शोध आणि वार्षिक अंकासाठी लिही." त्या शोधाचा हा वृत्तांत आहे.

प्रथम फळाविषयी सांगते, कारण या सहलीचे मूळ फळाच्या स्वभावातच आहे. आज आपण खातो ती बागायती स्ट्रॉबेरी फार जुनी नाही. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच अधिकारी १७१४ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिली देशातून मोठ्या फळाची रोपे घेऊन आला. युरोपात उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी एक जात आधीपासून होती. या दोहोंचा संकर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला आणि त्यातून आजचे फळ जन्मले. गंमत अशी की, फ्रेंच भाषेत स्ट्रॉबेरीला 'फ्रेझ' म्हणतात आणि फ्रेझिए या आडनावाचे मूळही त्याच शब्दात आहे! वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर हे खरे फळच नव्हे. फुलाचा देठाकडील भाग फुगून मांसल होतो तो आपण खातो, आणि त्यावर जे पिवळसर दाणे दिसतात ती खरी फळे.

परंतु आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आंबा किंवा केळे तोडून अढीत घातले तरी पिकते. स्ट्रॉबेरी तशी नाही. झाडावरून तोडली की तिची गोडी वाढणे थांबते. नंतर रंग थोडा चढेल, चव चढत नाही. पूर्ण पिकलेले फळ इतके नाजूक असते की ते दूरच्या बाजारपेठेपर्यंत टिकत नाही. म्हणून बाजारासाठी ते पाऊण लाल झाले असतानाच तोडावे लागते. याचा अर्थ असा की, खरी पिकलेली स्ट्रॉबेरी शहरातल्या माणसाला दुकानात मिळणे कठीण. ती त्याला वाफ्याजवळ येऊनच खावी लागते. शहरातली मंडळी हौसेखातर एवढ्या लांब येतात असे मी समजत होते. त्या हौसेला असा शास्त्रीय आधार आहे हे मला या अभ्यासात प्रथमच कळले.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तांबडी माती, थंड हिवाळा, आणि पाऊस मात्र असा की वाफा वाहून जावा. म्हणून पावसाळ्यात रोपे खाली वाईच्या बाजूला, कमी पावसाच्या रानात वाढवतात. मूळ रोपाला जमिनीलगत धावणारे फुटवे येतात, त्यांची नवी रोपे होतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती वर आणून गादीवाफ्यावर लावायची, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि ठिबकने पाणी द्यायचे. हे पीक इंग्रजांच्या अमदानीत या डोंगरावर आले. २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारचे भिलार २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणून सर्वांना ठाऊक झाले. आम्हा मजुरांच्या घरी ते त्याआधीपासून स्ट्रॉबेरीचे गाव म्हणूनच ठाऊक होते.

आता गिऱ्हाइकाने स्वतः तोडण्याच्या पद्धतीकडे वळू. इंग्लंडात हिला 'पिक युअर ओन' म्हणतात, अमेरिकेत 'यू-पिक'. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६० आणि १९७० च्या दशकांत, घरोघरी मोटारी आल्या आणि शेतमजुरी महागली, तेव्हा ती दोन्ही देशांत फोफावली. शेतकऱ्याने विचार केला की, तोडणीची मजुरी मी द्यायची, डब्या मी भरायच्या, वाहतूक आणि आडत मी सोसायची, आणि भाव मात्र बाजाराने ठरवायचा! त्यापेक्षा गिऱ्हाईकच शेतात आले तर? आमच्या क्रमिक पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर, बाजारात शेतकरी 'किंमत स्वीकारणारा' असतो आणि आपल्या बांधावर तो 'किंमत ठरवणारा' होतो.

या विचाराला व्यवस्थित रूप देणारे एक प्राध्यापक अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव बुकर टी. व्हॉटली. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे ते शिकवीत असत. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या व्हॉटलींसमोर प्रश्न होता तो लहान कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या हातून जाणाऱ्या जमिनींचा. त्यांनी सुचवले की, पंचवीस एकरांच्या शेतकऱ्याने शहरातील कुटुंबांना वर्गणीदार सभासद करून घ्यावे. सभासदांनी वर्गणी आगाऊ द्यावी आणि हंगामात येऊन फळे-भाज्या स्वतः तोडून न्याव्यात. शेत पक्क्या रस्त्यावर असावे, आणि पन्नास हजार वस्तीच्या शहरापासून चाळीस मैलांच्या आत असावे, अशी त्यांची अट होती. त्यांचे यावरील पुस्तक १९८७ मध्ये निघाले. पुण्याच्या पाहुण्यांपुरती आमच्या डोंगराला ही अट लागू पडत नाही. पुणे चाळीस मैलांहून पुष्कळ दूर आहे. पण इथे लोक थंड हवेसाठी येतातच, आणि आल्यावर शेतात शिरतात. व्हॉटलींनी शेताला शहराजवळ नेले; आमच्याकडे सहलीला निघालेले शहरच शेताजवळ येते.

जपानात याचा आणखी एक प्रकार आहे. शिझुओका प्रांतात कुनो येथे समुद्राकडे तोंड केलेल्या उतारावर दगडी बांधांच्या फटींतून स्ट्रॉबेरी लावतात. दगड दिवसा तापतात आणि रोपाला ऊब देतात. तेथे पाहुणे वजनाचे पैसे देत नाहीत, वेळेचे देतात. अर्धा तास घ्या, पोटात मावेल तेवढे खा, अशा धर्तीवर ठरलेल्या रकमेत सौदा होतो. हे वाचून माझ्या धाकट्या भावाने लगेच किती खाल्ली तर पैसे वसूल होतील याचे गणित मांडले होते.

पण या सर्व वाचनात मला जे सर्वांत लागले ते इंग्लंडमधील केंट परगण्याचे उदाहरण. ते फळाचे नव्हे, हॉप नावाच्या वेलाचे आहे. त्याची फुले बिअरमध्ये घालतात. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दर सप्टेंबरात पूर्व लंडनमधील गरीब कुटुंबे, विशेषतः बाया आणि मुले, काही आठवड्यांसाठी केंटला हॉप तोडायला जात. झोपड्यांत गवतावर निजत, दिवसभर तोडणी करत, मापाने मजुरी घेत. आणि यालाच ती माणसे आपली वर्षाची सुट्टी म्हणत! कारखान्याच्या धुरातून बाहेर पडायला दुसरी संधीच नव्हती. जॉर्ज ऑर्वेल हे लेखक १९३१ मध्ये स्वतः या तोडणीला गेले होते आणि त्यांनी त्यावर लिहिले आहे. पुढे तोडणीची यंत्रे आली आणि १९६० च्या दशकात ही प्रथा संपत गेली. म्हणजे काम आणि सहल यांच्यामधली जी रेघ मला त्या रविवारी शेतात इतकी ठळक दिसली, ती सगळीकडे तशीच ओढलेली नाही. केंटमध्ये एकाच बाईच्या एकाच दिवसात दोन्ही होती.

आता आमच्या शेतातला हिशेब. अशा सहलींत मालकाची मजुरी वाचते असे पुस्तकी उत्तर आहे. मी पाहिले ते थोडे वेगळे. तोडणीचे काम शिकावे लागते. आईने मला पहिल्या दिवशी सांगितले, "फळाला बोट लावायचं न्हाय, देठाला लावायचं." अंगठ्याचे नख आणि बोट यांत देठ धरून खुडायचा, वरची हिरवी टोपी शाबूत राहिली पाहिजे. फळ दाबले की दुसऱ्या दिवशी तिथे डाग, आणि डागावर बुरशी. पाहुणे मंडळी वरून लाल दिसेल ते ओढतात, खाली पांढरे निघाले की टाकून देतात. कधी घोसच्या घोस कळ्यांसकट हाती येतो. मुले दोन वाफ्यांमधून धावतात. ती मंडळी गेल्यावर आईला आणि काशाकाकूंना त्या चार वाफ्यांतून पुन्हा फिरावे लागले. चेंगरलेली फळे वेचून बाहेर काढायची, नाहीतर बुरशी पसरते. म्हणजे मजुरी वाचली नाही, मजुरीचे रूप बदलले. आधी त्या तोडत होत्या, आता त्या पाहुण्यांच्या मागून निस्तरत होत्या.

तरीही मालकाला परवडते. फळांना डब्या लागत नाहीत, गाडीभाडे लागत नाही, पैसा रोख हाती येतो, आणि मार्चमध्ये माल एकदम येऊन बाजार पडतो तेव्हा बांधावरचा भाव टिकतो. पाहुणे जाताना सरबताची बाटली आणि जॅम घेतात ते वेगळेच. मी मालकांना दोष देत नाही. रोपे, कागद, ठिबक यांचा खर्च त्यांनी आधीच केलेला असतो आणि एखाद्या अवकाळी पावसात सगळे पीक सडते. मात्र एक गोष्ट मला खटकली. दुपारी आणखी एक मोटार आली तेव्हा बायांना मागच्या रानात जायला सांगण्यात आले, कारण पाहुण्यांना फोटोसाठी मोकळे शेत हवे होते. बाया उठल्या आणि गेल्या. कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही.

मी आईला संध्याकाळी विचारले, "आई, तुला राग नाही येत? तू करतेस तेच ते करतात, आणि वर हसत करतात."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हसतील न्हाईतर काय? त्यांना कुठं तीस वाफं उरकायचं हाइत! कंटाळा आला की परडी ठिवायची. मला ठिवता यील का?"

माझ्या मते सरांच्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे. मोबदला मिळतो की द्यावा लागतो हा फरक आहेच, पण तो दुसऱ्या पायरीचा. पहिला फरक थांबता येण्याचा. ज्याला मनात येईल तेव्हा थांबता येते त्याची सहल. ज्याला वाफा संपेपर्यंत थांबता येत नाही त्याचे काम. पुस्तकातल्या व्याख्येत ही गोष्ट नाही. ती घालावी असे मी सरांना सुचवले आहे.

पाहुण्यांविषयीही एक नोंद करते, नाहीतर चित्र एकांगी होईल. त्यांच्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिला वाटत होते की स्ट्रॉबेरी झाडाला लागते, आंब्यासारखी. ती बराच वेळ आईजवळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "आजी, मला दाखवा ना." आईने तिला नखाने देठ खुडायला शिकवले. आईचे वय आजी म्हणण्याचे नाही. उन्हाने ती तशी दिसते. मुलीने पंधरा-वीस फळे अगदी बरोबर तोडली. आई ही गोष्ट घरी तीनदा सांगत होती.

आपल्याकडे शेतात जाऊन खाण्याची रीत नवी नाही. नगर-सोलापूरकडे थंडीत ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी सोयऱ्या-धायऱ्यांना बोलावतो, आगटीत कणसे भाजतो आणि हातावर चोळून गरम हुरडा पुढ्यात ठेवतो. त्याचे पैसे घेणे म्हणजे पूर्वी अपमान झाला असता. आज हुरड्याच्या सहलींची तिकिटे निघतात आणि राज्य शासनाचे २०२० पासून कृषी पर्यटनाचे धोरणही आहे. यजमानपणाचा व्यवसाय झाला, याचे काहींना वाईट वाटते. मला तितके वाटत नाही. ज्याला पाहुणचार परवडत नाही त्याने तो फुकट का करावा? माझा आक्षेप एवढाच की, त्या तिकिटात मागच्या रानात पाठवलेल्या बाईचा वाटा कुठे धरलेला दिसत नाही.

आमच्या घरची सहल एप्रिलच्या शेवटी असते. पीक संपत आले, फळे बारीक झाली, तोडणीची मजुरीही निघेनाशी झाली की मालक मजुरांना शेत मोकळे करून देतात. याला आमच्याकडे सरवा म्हणतात. सुगीनंतर राहिलेली कणसे वेचतात तसाच हा सरवा. बायका पोराबाळांसह येतात. वजन नाही, मुकादम नाही. चार महिने हजारो फळे हातांतून गेली तरी आईने एक तोंडात टाकलेले मी पाहिलेले नसते. सरव्याच्या दिवशी ती बांधावर बसून खाते. ही फळे मात्र उरलेली असूनही झाडावर पूर्ण पिकलेली असतात, बारीक आणि फार गोड. भाऊ तोडतो तशी ओरबाडून तोडू नये म्हणून ती त्याच्यावर ओरडते. घरी न्यायची फळे ती त्याही दिवशी देठासकट, टोपी वर करून, परडीत ओळीने लावते.