दुःखाचा प्रश्न आणि आपले उत्तर

निवासी शाळेत शिकविणाऱ्यास एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. तो वर्गात सहसा विचारला जात नाही. रात्रीची वंदना आटोपल्यावर, दिवे मालविण्याच्या वेळी एखादा विद्यार्थी जवळ येऊन उभा राहतो आणि हळू आवाजात म्हणतो, "गुरुजी, हे माझ्याच वाट्याला का आले?" कोणाचे वडील गेलेले असतात, कोणाची आई आजारी असते, कोणाच्या घरची दोन एकर जमीन कर्जापायी गेलेली असते. पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नसते, आणि आमच्याजवळही ते तयार नसते. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्या प्रश्नाचाच अभ्यास मांडीत आहोत. मानसशास्त्राने, तथागतांच्या धम्माने आणि प्रत्यक्ष सोसलेल्या आयुष्यांनी त्याविषयी काय शिकविले, ते पाहू.

व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञ

व्हिक्टर फ्रँकल यांचा जन्म 1905 साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीत एका ज्यू कुटुंबात झाला. तरुण वयातच त्यांनी त्या नगरीत विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य सल्लाकेंद्रे उभारली. परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत खचून जाणाऱ्या मुलांकडे तेथे विशेष लक्ष दिले जाई. पुढे नाझी राजवट आली. फ्रँकल यांना अमेरिकेत जाण्याचा परवाना मिळाला होता. परंतु वृद्ध आईवडिलांना मागे ठेवून जावे की नाही, याचा निर्णय होईना. अशा वेळी वडिलांनी उद्ध्वस्त प्रार्थनागृहाच्या ढिगाऱ्यातून उचलून आणलेला संगमरवराचा एक तुकडा त्यांच्या दृष्टीस पडला. आईवडिलांचा मान राखण्याची जी धर्माज्ञा आहे, तिच्यातील अक्षर त्यावर कोरलेले होते. त्यांनी परवाना वापरला नाही, ते राहिले.

1942 साली आईवडील व पत्नी यांच्यासह त्यांची रवानगी छळछावणीत झाली. वडील तेथेच वारले. 1944 मध्ये फ्रँकल यांना ऑश्विट्झला नेण्यात आले. कोटात जपून ठेवलेले त्यांच्या ग्रंथाचे हस्तलिखित तेथे हिरावले गेले. पुढच्या छावणीत टायफसच्या तापाने फणफणत असताना त्यांनी मिळतील त्या कागदाच्या चिठोऱ्यांवर तोच ग्रंथ पुन्हा उतरविण्यास आरंभ केला. 1945 च्या एप्रिलमध्ये सुटका झाली. व्हिएन्नाला परतल्यावर कळले की आई, भाऊ आणि पत्नी यांपैकी कोणीही उरले नव्हते. 1946 मध्ये त्यांचे छावणीतील अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते आज 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' या नावाने जगभर वाचले जाते.

त्यांच्या उपचारपद्धतीस लोगोथेरपी, म्हणजे अर्थाच्या आधारे उपचार, असे म्हणतात. तिचे सूत्र आमच्या शब्दांत असे: आयुष्याने मला काय दिले, हा प्रश्न माणसाने उलटा करावा आणि आयुष्य आज माझ्याकडून काय मागत आहे, असे विचारावे. अर्थ सापडण्याच्या तीन वाटा त्यांनी सांगितल्या. पहिली वाट हातून घडणाऱ्या कामाची. दुसरी कोणावर तरी केलेल्या प्रेमाची, कशाच्या तरी ओढीची. तिसरी, जे दुःख मुळीच टाळता येत नाही, त्याला आपण कसे सामोरे जातो, याची. आणखी एक गोष्ट त्यांनी आग्रहाने सांगितली. अर्थ कोणी कोणाला देऊ शकत नाही. तो ज्याचा त्यानेच शोधावा लागतो.

श्रावस्तीची माता

अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्तीत किसा गोतमी नावाची स्त्री मेलेल्या मुलाला कडेवर घेऊन औषध मागत दारोदार फिरत होती. तिची कथा आपल्या शाळेतील पाचवीच्या मुलालाही ठाऊक आहे. तथागतांनी तिला मूठभर मोहरी आणावयास सांगितले; अट एवढीच की ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरची ती असावी.

ही कथा आपण 'मरण अटळ आहे' एवढ्याच तात्पर्यावर संपवितो. परंतु हे तात्पर्य तथागतांना एका वाक्यात सांगता आले असते. त्यांनी ते सांगितले नाही. तिला चालावयास लावले. प्रत्येक दारात ती थांबली. मोहरी सगळीकडे होती, आणि प्रत्येक घरी गेलेल्या कोणाची तरी आठवणही होती. सकाळी 'माझे मूल' म्हणत निघालेली आई संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाचे दुःख ऐकून परतली. मूल परत मिळाले नाही. तिचा एकटेपणा मात्र सरला. पुढे ती भिक्खुणी संघात गेली आणि थेरीगाथेत तिच्या नावाच्या गाथा आहेत.

दोन बाणांचा दृष्टान्तही येथे आठवतो. पहिला बाण शरीराला लागतो, तो कोणालाच चुकत नाही. दुसरा बाण मनाला लागतो, आणि तो अज्ञानी माणूस शोक व संताप करीत स्वतःलाच लावून घेतो. 'माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न पुष्कळदा असा दुसरा बाण असतो. फ्रँकल यांनी तो प्रश्न उलटा केला आणि तथागतांनी गोतमीला मोहरी मागावयास पाठविले. दोन्ही ठिकाणी माणसाची नजर स्वतःवरून उठून दुसऱ्याकडे वळली.

लादलेला अर्थ

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे, आणि आपल्या समाजाने तर ती विसरताच कामा नये. आपल्या वाडवडिलांच्या दुःखालाही एक 'अर्थ' देण्यात आला होता. हे तुमच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, मुकाट्याने भोगा, म्हणजे पुढचा जन्म बरा मिळेल, असा तो अर्थ होता. त्या अर्थाने दुःख हलके केले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरले. बाबासाहेबांनी तो अर्थ नाकारला. जगातील दुःखाचे निवारण हे त्यांनी धम्माचे प्रयोजन मानले आणि दारिद्र्य व अन्याय यांचा त्या दुःखातच समावेश केला.

फ्रँकल यांचेही म्हणणे याच्या आड येत नाही. जे दुःख दूर करता येते, ते दूर करणे हेच अर्थपूर्ण. ते उगाच सोसण्यात कसलेही शौर्य नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यात दोन्ही प्रकारची दुःखे होती. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार दगावली. 1926 च्या जुलैमध्ये राजरत्न हा लाडका मुलगा गेला, तेव्हा ते आतून मोडून गेले होते. हे दुःख परतविणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु तळ्याचे पाणी माणसाला नाकारले जाते, हे दुःख माणसांनीच निर्माण केलेले होते. राजरत्नच्या मृत्यूला नऊ महिनेही झाले नव्हते, तेव्हा, 20 मार्च 1927 रोजी, ते महाडच्या चवदार तळ्याच्या काठी उभे होते. एक दुःख दुसऱ्याची भरपाई करते, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. शोक उरात असतानाही माणूस कर्तव्याला उत्तर देऊ शकतो, एवढेच त्या काठावरून शिकावयाचे. 1925 च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, तेही असेच एक उत्तर होते. आपल्यासारख्या संस्थांची मुळे तेथवर जातात.

आमचा धडा

हे सारे आम्ही ग्रंथांतून वाचले होते, तरीही चुकलो. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाची आई दिवाळीनंतर ऊसतोडणीला गेली आणि फडावरच तापाने वारली. आठ दिवसांनी तो वसतिगृहात परतला. आम्ही त्याला जवळ बसवून म्हणालो, "बाळा, यातही काही अर्थ असेल." त्याने मान खाली घातली. त्यानंतर कितीतरी दिवस तो आमच्याशी बोलला नाही. जे फ्रँकल करू नका म्हणाले, तेच आम्ही केले होते. आमच्या पदरचा अर्थ त्याच्या दुःखावर ठेवला होता.

माघ महिन्यात पाचवीत एक नवा मुलगा आला. तो रात्रभर रडे. एके रात्री फेरी मारताना आम्हांस दिसले की आठवीतल्या त्या मुलाने आपली पथारी उचलून त्याच्याशेजारी अंथरली आहे. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. त्या वर्षी तो गणितात नापास झाला, पण धाकट्याची पथारी त्याने सोडली नाही. उन्हाळ्याच्या सुटीआधी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, आई परत येणार नाही, हे मला कळते. पण फडावर दवाखाना का नसतो, हे मला कळत नाही."

जे टळत नाही आणि जे टाळता आले असते, त्यांतील भेद तेरा वर्षांच्या त्या मुलाने आम्हांस दोन वाक्यांत समजावून दिला. त्याच्या दुसऱ्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही, आणि ते शोधण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही.

म्हणून या शाळेतून गेलेल्या आणि येथे शिकत असलेल्या प्रत्येकास आमची विनंती आहे. दुःख आले की क्षणभर थांबून तीन गोष्टी स्वतःस विचाराव्यात. हे दुःख दूर करता येईल काय? येत असेल तर त्यासाठी कोणाला सोबत घ्यावे? येत नसेल तर आज माझ्याशेजारी कोण रडत आहे? उत्तरे प्रत्येकाची निराळी येतील. परंतु तिसऱ्या प्रश्नासाठी फार दूर जावे लागत नाही. वसतिगृहात तर शेजारच्या पथारीपर्यंतच जावे लागते.