कांदा, लाल बिल्ला आणि मतपेटी

१. मागणी कुठवर जाते ते बघा.
ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. शुल्क काढा, बाजार फी कमी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. राज्य कोणी करावं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हा दबावगट. आपल्या सभासदांचं हित बघणं हेच त्याचं काम, त्यात गैर काही नाही. पण लिलाव थांबले तरी आम्हा शेतकऱ्यांच्या चाळीत साठवलेला कांदा थांबत नाही. त्या दिवसांत उन्हाळ कांद्याला कोंब फुटू लागतात, खालचा थर पाणी सोडतो, वास पार ओट्यापर्यंत येतो. दबाव दिल्लीवर टाकायचा होता, तो आधी आमच्या चाळीवर पडला.

२. चळवळ सरकारकडे मागते, तशी आपल्याकडेही मागते.
१९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चाकणला कांद्यासाठी आणि नंतर नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्यासाठी रस्ते अडवले. खेरवाडीला गोळीबार झाला. मागणी घामाच्या दामाची होती. पण १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि प्रश्न घराच्या उंबऱ्याआत आला. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत संघटनेने पुरुषांना सांगितलं, बायकोच्या नावावर जमीन करा. आमच्या आईचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते त्या हाकेमुळे. वडिलांनी छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावला होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. तलाठ्याकडून आणलेला उतारा आईने दिव्याजवळ धरून नावावर बोट ठेवून वाचला. कुठल्याही व्यापारी संघटनेने आपल्या सभासदाला असलं काही सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. चळवळीचं मोठेपण मला इथे दिसतं.

३. पक्षाला सगळीच मतं हवी असतात.
कांदा पिकवणाराही मतदार, विकत घेणाराही. खाणारे जास्त, म्हणून बहुतेक वेळा आम्ही हरतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये दिंडोरी-नाशिकच्या लोकसभा मतदानाला थोडे दिवस उरले असताना उठली. शुल्क तरीही राहिलं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, आणि त्यात कांद्याचा मोठा वाटा होता असं इथे सगळेच मानतात. शुल्क पूर्ण हटलं ते १ एप्रिल २०२५ ला.

४. चळवळीने पक्ष काढला म्हणजे ती बाटली, असं म्हणू नये.
कायदे सभागृहातच होतात. जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, शेतकरी चळवळीतूनच आलेले राजू शेट्टी २००४ मध्ये आमदार आणि पुढे खासदार झाले. मात्र बैठकीतली चर्चा बदलते. पूर्वी एकरी उत्पादनखर्चाचा हिशोब फळ्यावर मांडला जायचा, नंतर बूथनिहाय याद्या येतात. पक्ष काढा, पण फळा पुसू नका.

५. दबावगट, चळवळ आणि पक्ष, तिघांना एकच प्रश्न विचारू नका.
उमेदवार दारात आला की विचारा, निर्यातीचं धोरण निदान एका हंगामापुरतं तरी पक्कं ठेवणार का. व्यापाऱ्यांना विचारा, लिलाव बंद करण्याआधी आम्हाला किती दिवस आधी कळवाल. आणि आपल्या संघटनेत उभं राहून विचारा, कार्यकारिणीत बायका किती.