आकडा वाचला, अक्षरं राहिली

गॅरेजवाल्या चाचांनी माझ्या गाडीचा पिस्टन जुन्या पेपरवर ठेवला आणि म्हणाले, "हात लावून बघा." उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तशी पिस्टनच्या माथ्याची एक बाजू खाल्लेली होती. वरच्या रिंगचे दोन तुकडे झाले होते. प्लगच्या पांढऱ्या भागावर बारीक चकचकीत ठिपके दिसत होते. ते पिस्टनचंच ॲल्युमिनियम होतं, वितळून तिथं चिकटलेलं.

"किती दिवस वाजत होती?"

"पंधरा-वीस दिवस."

"मग आणली का नाही?"

"चालत होती ना, चाचा."

ते पुढं काही बोलले नाहीत, फडक्याला हात पुसत राहिले. बिल 32,000 रुपयांचं झालं. ही गोष्ट 2019 च्या मे महिन्यातली. चूक पेट्रोलची नव्हती, कंपनीचीही नव्हती. ती माझ्या वाचण्यात होती.

मी नेकनूरचा. बीडला रोजचं जाणं-येणं. मांजरसुंब्याहून घाट उतरायचा आणि पालीच्या तलावाजवळून शहर गाठायचं. परतताना तोच घाट चढायचा, तोही बहुतेक दुपारी. गाडी होती 373 सीसीची, एका सिलिंडरची, पुण्याच्या एका पोरानं वापरून विकलेली. "रिमॅप केलीय, घोडे वाढलेत," असं त्यानं कौतुकानं सांगितलं आणि एक छापील कागदही दिला. रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली फाइल बदललेली. ती फाइल अमेरिकेतल्या कुणा ट्यूनरची होती आणि कागदावर इंधनापुढं लिहिलं होतं, 91 ऑक्टेन. आपल्याकडचं साधं पेट्रोल तेव्हा 91 चंच होतं. मी म्हटलं, झालं की!

उन्हाळा तापला तसा घाटात आवाज यायला लागला. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की पत्र्याच्या डब्यात तुरीचे दाणे हलवावेत तसं वाजायचं. गिअर खाली टाकला की आवाज गायब. मला वाटलं टॅपेट वाजत असतील. मग कुणीतरी सुचवलं म्हणून लिटरमागं जादा पैसे मोजून 'प्रीमियम' भरलं, तरी आवाज तसाच. त्या काळी प्रीमियम म्हणून विकलं जाणारं बरंचसं पेट्रोल ऑक्टेनला 91 चंच असायचं. जादा पैसे असायचे ते इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचे. हे मला पिस्टन गेल्यावर कळलं.

आता तो आवाज कसला ते सांगतो. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं. माझ्या गाडीत ते साडेबारा पटीनं दाबलं जायचं. प्लगची ठिणगी पडली की जाळ तिथून निघून कडेपर्यंत सरकत जातो. कडब्याची गंज एका टोकानं पेटली तर जाळ कसा क्रमाक्रमानं पुढं जातो, तसाच. पण जाळ पोचायच्या आधीच पलीकडचं टोक नुसत्या तावानं भडकलं तर? सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं असंच आपोआप पेटतं, स्फोटासारखं, आणि पिस्टनवर घण बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेनचा आकडा म्हणजे असं भडकणं रोखून धरण्याची पेट्रोलची ताकद. आयसोऑक्टेन नावाच्या द्रवाला 100 मार्क आणि हेप्टेनला शून्य, या पट्टीवर ती मोजतात. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये जोर जास्त, हा समज चुकीचा. आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जास्त धीराचं, एवढंच.

पण पट्टी एक नाही, आणि मी नेमका तिथंच फसलो. आपल्याकडं आणि युरोपात सांगतात तो रॉन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर. इंजिनाला जास्त ताण देऊन मोजलेला दुसरा आकडा म्हणजे मॉन, तो नेहमी कमी येतो. अमेरिकेत पंपावर या दोघांची सरासरी लिहितात आणि तिला एकेआय म्हणतात. आपल्या त्या वेळच्या साध्या पेट्रोलचं मानक होतं रॉन 91 आणि मॉन 81. सरासरी काढा: 86. म्हणजे त्या फाइलला अमेरिकी मापाचे 91 हवे होते आणि मी देत होतो 86. अमेरिकेतलं 91 आपल्या मापात साधारण 95-96 होतं. वर रिमॅपमध्ये ठिणगी मूळ वेळेच्या थोडी आधीच पडत होती, त्यामुळं दाब आणखी वाढला. त्यात मे महिन्याचं ऊन, मागं बसलेला भाचा आणि चढावर वरचा गिअर. माझ्या गाडीला नॉक सेन्सर नव्हता, त्यामुळं ठिणगी मागं घेऊन स्वतःला वाचवणं तिला जमणारं नव्हतं. सेन्सरचं काम माझ्या कानाचं होतं, आणि कान म्हणत होता, टॅपेट आहेत.

गेल्या महिन्यात पाटोद्याकडचा एक मित्र भेटला. शेतात पर्यटन केंद्र काढतोय, पोरांना माळावर फिरवायला जोरदार इंजिनची अमेरिकी एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानात चालणारी चारचाकी, आणलीय. पुस्तक माझ्यापुढं धरून म्हणाला, "भाऊ, यात 91 लिहिलंय. साधं चालेल ना?" पोटात गोळाच आला. त्याला जे सांगितलं तेच इथं मांडतो.

आकड्याशेजारची अक्षरं आधी वाचा. रॉन आहे की एकेआय? पुस्तकात आकड्यापुढं कंसात आर अधिक एम भागिले दोन असं असेल तर ते अमेरिकी माप. त्यात चार-पाच मिळवले की आपला आकडा अंदाजानं मिळतो.

गाडी जुनी घेतली असेल तर पुस्तकावर डोळे मिटून भरवसा नको. पुस्तक कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचं असतं. रिमॅप झालाय का, हेड घासलंय का, जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन टाकलाय का, हे विचारा. मी शेवटी मूळ फाइल परत टाकून घेतली. 100 ऑक्टेनचं एक्सपी 100 डिसेंबर 2020 मध्ये आलं तेव्हा पहिल्या यादीत पुणे-मुंबई होती, आमचा भाग नव्हता. पेट्रोलसाठी पुण्याला जाणं होत नाही. म्हणून गावात मिळतं त्या पेट्रोलला इंजिन जुळवायचं.

पंपावर 'चांगलं पेट्रोल द्या' म्हणू नका, रॉन किती ते विचारा. आणि कंपनीनं 91 रॉन पुरेल म्हटलेल्या 100 सीसीच्या गाडीत 100 चं पेट्रोल ओतून ती पळायला लागत नाही. जास्तीचा धीर तिला लागतच नाही.

आवाज आला तर लगेच ॲक्सिलरेटर सोडा, गिअर खाली घ्या, इंजिन थंड होऊ द्या. टाकी अर्धी असेल तर वरच्या ऑक्टेनचं भरा, मिश्रणाचा आकडा साधारण मधला येतो. त्यानंही थांबलं नाही तर दोष फक्त पेट्रोलचा नाही. साचलेला कार्बन, चुकीचा प्लग, कमी झालेलं कूलंट, हवेची गळती, हे सगळं तपासून घ्या. डांबराच्या गोळ्या टाकायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार करा. आणि रॉकेलची भेसळ ऑक्टेन वाढवत नाही, खाली आणते.

एटीव्हीला हे सगळं जास्तच लागू. ती माळावर कमी वेगानं, ओझ्यासह, चिखल-वाळूतून चालते. रेडिएटरला वारा कमी आणि इंजिनावर भार पूर्ण. माझा घाट होता तसा तिला दिवसभर घाटच.

आणि आता पेट्रोलही बदललंय. 20 टक्के इथेनॉल मिसळल्यामुळं साध्या पेट्रोलचं रॉन 95 झालंय. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या वर आहे. आमच्या जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, दरवर्षी साखर कारखान्यांवर जातात, त्यांनी तोडलेल्या उसाचा अंश आज टाकीत धीर बनून बसलाय. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. ते पाणी धरतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीनं महिनोन् महिने उभी ठेवू नका. शिवाय जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले असतीलच असं नाही.

म्हणून मित्राला म्हटलं, पान उलट. पहिल्याच ओळीत होतं, इथेनॉल 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. 91 पुढची अक्षरं अमेरिकी मापाचीच निघाली. म्हणजे आजचं साधं पेट्रोल ऑक्टेनला काठावर आणि इथेनॉलला दुप्पट. "मग काय करू?" म्हणाला. विकणाऱ्याकडून 20 टक्क्यांबद्दल लेखी उत्तर घे म्हटलं, आणि ते येईपर्यंत पोरांना बैलगाडीत फिरव.

तो हसला. पण चावी त्यानं खिशात ठेवली.