वऱ्हाडातील तीन स्त्रिया आणि शालेय इतिहास

शालेय इतिहासात स्त्रिया नाहीत, असे म्हणता येत नाही. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई ही नावे विद्यार्थ्यांना परिचित असतात. प्रश्न नावांच्या संख्येचा नसून मांडणीचा आहे. स्त्री तेथे माता, पत्नी अथवा अपवाद म्हणून येते. आपल्या काळाविषयी विचार करणारी व्यक्ती म्हणून क्वचितच येते. ही उणीव दूर करण्याची साधने वऱ्हाडातच आहेत.

पहिले उदाहरण आद्य मराठी कवयित्री महदाइसा हिचे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात तिने रुक्मिणीविवाहाचे ‘धवळे’ रचले. तिची जिज्ञासू, प्रश्न विचारणारी वृत्ती ‘लीळाचरित्रा’त नोंदली गेली आहे.

दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर झालेल्या दोषारोपाला ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (1882) लिहून उत्तर दिले. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. तरीही हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये पुन्हा प्रकाशात आणले.

तिसरे नाव अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांचे. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वास बंदी या मागण्या तेथे ठरावांच्या रूपाने मांडल्या गेल्या. या चळवळीतील स्त्रियांचा इतिहास उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) या ग्रंथात मुलाखतींच्या आधारे संकलित केला.

या तिघींचे शब्द व कार्य टिकण्याचे मार्ग भिन्न आहेत. महदाइसेला पंथाच्या पोथ्यांनी जपले. ताराबाईंचे पुस्तक संशोधकाच्या शोधामुळे परतले. परिषदेतील स्त्रियांचा इतिहास त्यांच्या पिढीच्या आठवणींतून उभा राहिला. पोथी, छापील पुस्तक आणि मौखिक साक्ष ही इतिहासाची तीन साधने येथे एकाच प्रदेशात हाती येतात. म्हणून पाठ्यपुस्तकात केवळ एक चौकट वाढविणे पुरेसे नाही. सुमारे नव्वद वर्षे एक पुस्तक का वाचले गेले नाही, हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. आजीची आठवण टिपून घेऊन ती अन्य साधनांशी ताडून पाहणारा विद्यार्थी इतिहासाची पद्धतीही शिकतो. विस्मरणाची कारणे न शिकविता नुसती नावे शिकविल्यास तीही परीक्षेनंतर विसरली जातील.